तुमच्या १९ टक्के पेशी मेलेल्या नाहीत

पत्र:

डॉक्टर, मी ३९ वर्षांचा आहे. नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात सीएनसी मशीनवर काम करतो. उंची १७२ सेंटिमीटर, वजन ६६ किलो, म्हणजे जाड मुळीच नाही. फक्त पोट थोडं सुटलंय, कंबर ३७ इंच. वडिलांना मधुमेह आहे म्हणून गेल्या महिन्यात फुल बॉडी चेकअपचं पॅकेज घेतलं. तिसरी पाळी संपवून घरी आलो आणि लॅबचा मुलगा आठ वाजता रक्त घेऊन गेला. रात्रीचा डबा अकरालाच खाल्ला होता, त्यानंतर साडेतीनला फक्त अर्धा कप चहा. रिपोर्ट असा आला: उपाशीपोटी साखर १०४, इन्सुलिन ९.२, एचबीए१सी ५.९, होमा-आयआर २.३६ आणि होमा-बीटा ८१ टक्के. शेवटच्या दोन्ही आकड्यांपुढे लाल खूण होती.

माझी धाकटी बहीण ३१ वर्षांची आहे. तिला पीसीओएस (मासिक पाळी बिघडवणारा अंडाशयाचा विकार) आहे, वजन ७८ किलो. तिनेही तेच पॅकेज घेतलं. तिची साखर ९०, इन्सुलिन २४, होमा-आयआर ५.३३ आणि होमा-बीटा ३२० टक्के. एचबीए१सी ५.८, हिमोग्लोबिन ९.४. मग तिचं स्वादुपिंड माझ्यापेक्षा चौपट चांगलं आहे का? माझ्या स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या १९ टक्के बीटा पेशी मेल्या का? एका ऑनलाइन प्रोग्रॅमवाल्यांनी सांगितलंय की दर महिन्याला ही टेस्ट करा, आम्ही बीटा १०० वर आणून देतो. पैसे भरू का? रात्री झोप लागत नाही.

उत्तर:

सर्वात आधी हे वाचा, म्हणजे आज तरी झोप लागेल. तुमच्या १९ टक्के पेशी मेलेल्या नाहीत. होमा-बीटा हा आकडा पेशी मोजून आलेला नाही. जिवंत माणसाच्या रक्ताच्या नळीतून बीटा पेशींची शिरगणती करता येईल अशी तपासणी कुठल्याही लॅबकडे नाही. त्यासाठी तुमच्या रक्तात मोजल्या गेलेल्या गोष्टी दोनच, साखर आणि इन्सुलिन. होमाचे दोन्ही आकडे त्या दोन मोजमापांवर केलेलं गणित आहे, आणि ते गणित तुम्ही मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करू शकता.

१९८५ साली ऑक्सफर्डमध्ये डेव्हिड मॅथ्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत मांडली. त्यासाठी त्यांनी एक 'नॉर्मल' माणूस धरला: ३५ वर्षांच्या आतला, वजन योग्य, उपाशीपोटी साखर ८१ मिलिग्रॅम आणि इन्सुलिन ५. त्याचा प्रतिरोध, म्हणजे शरीर इन्सुलिनला किती दाद देत नाही ते (हाच होमा-आयआर), १ आणि त्याच्या बीटा पेशींचं काम (होमा-बीटा) १०० टक्के असं ठरवलं. बाकी सगळे त्याच्याशी ताडून बघायचे. म्हणून होमा-आयआर काढताना साखर आणि इन्सुलिनचा गुणाकार करून ४०५ ने भागतात, कारण ८१ गुणिले ५ म्हणजे ४०५. होमा-बीटासाठी इन्सुलिनला ३६० ने गुणतात आणि साखरेतून ६३ वजा करून जे उरेल त्याने भागतात. तुमचं बघा: ९.२ गुणिले ३६० म्हणजे ३३१२. साखर १०४ वजा ६३ म्हणजे ४१. भागाकार ८०.८, रिपोर्टवर ८१. एवढंच. म्हणजे तुमच्या ८१ चा अर्थ एवढाच, की इतकी साखर असताना उपाशीपोटी तुमचं स्वादुपिंड जेवढं इन्सुलिन सोडतंय, ते त्या मानलेल्या माणसाच्या हिशोबाने ८१ टक्के आहे.

आता तुमच्या बहिणीचे ३२० टक्के. तुम्ही सीएनसीवर काम करता, स्क्रीनवरचा स्पिंडलचा लोड मीटर रोज बघता. लोडची टक्केवारी चढली म्हणून मशीन उत्तम आहे असं तुम्ही कधी म्हणत नाही. जॉब कठीण आहे किंवा टूल बोथट झालंय, असं म्हणता. होमा-बीटा हा तसा लोड मीटर आहे. बहिणीच्या स्नायूंवर आणि यकृतावर इन्सुलिनचा असर कमी होतो, म्हणून तिच्या स्वादुपिंडाला तिपटीहून जास्त इन्सुलिन ओतावं लागतं. ते ओततंय आणि साखर ९० वर धरून ठेवतंय, ही चांगली गोष्ट आहे. पण ३२० हा शाबासकीचा आकडा नाही.

उलटंही तितकंच खरं आहे. समजा तुमच्या खात्यात एखादा सडपातळ, रोज धावणारा पोरगा आहे. त्याची साखर ८२, इन्सुलिन ३. त्याचा होमा-बीटा येईल ५७ टक्के. लॅबच्या हिशोबाने तो तुमच्याहून वाईट, लाल खूण नक्की. प्रत्यक्षात त्याचं शरीर इतकं थोड्या इन्सुलिनवर भागवतं की स्वादुपिंडाला जास्त काम करायची गरजच नाही. त्याचा होमा-आयआर फक्त ०.६१ आहे. तेव्हा होमा-बीटा एकटा वाचायचा नाही. शेजारी प्रतिरोध किती आहे ते बघितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थच नाही, आणि पॅकेजच्या रिपोर्टवर दोन्ही आकड्यांना वेगवेगळी लाल खूण करणं मला चुकीचं वाटतं. माणसं घाबरतात, तुमच्यासारखी.

मग दोन्ही एकत्र कसे वाचायचे? होमा-बीटाला होमा-आयआरने भागा. प्रतिरोधाच्या मानाने स्वादुपिंड किती पुरं पडतंय, हे त्यातून कळावं अशी कल्पना आहे. मानलेल्या नॉर्मल माणसाचा भागाकार १००. धावणाऱ्या पोराचा साधारण ९४. तुमच्या बहिणीचा ६०. आणि तुमचा ३४. म्हणजे दोन आकडे एकत्र वाचल्यावर क्रमच उलटा झाला. ज्या बहिणीचा प्रतिरोध दुपटीहून जास्त, तिचं स्वादुपिंड तुमच्यापेक्षा बरं निभावतंय.

हे वाचून पुन्हा घाबरू नका, कारण खरी गोष्ट पुढे आहे. हा भागाकार कागदावर मांडून बघा. एका सूत्रात इन्सुलिन वर आहे, दुसऱ्यातही वर आहे, त्यामुळे भागताना ते कापलं जातं. उरतं काय? १,४५,८०० भागिले साखर, आणि परत भागिले साखर वजा ६३. बस्स. इन्सुलिन त्यात राहतच नाही! म्हणजे हे दोन आकडे एकमेकांसोबत, जसे वाचायला हवेत तसे वाचले, की ते तुमच्या उपाशीपोटीच्या साखरेपलीकडे काही सांगत नाहीत. १०४ ही साखर जे सांगत होती तेच ३४ सांगतोय, वेगळ्या कपड्यात. इन्सुलिनच्या तपासणीने तुमच्या बाबतीत इतकंच वाढवलं की ही १०४ कशी घडली याचा थोडा अंदाज आला. थोडा प्रतिरोध आहे, आणि तो भरून काढायला जेवढं इन्सुलिन लागेल तेवढं स्वादुपिंडाने सोडलेलं नाही.

होमाच्या मॉडेलमध्ये वाईट काही नाही. हजारो लोकांच्या अभ्यासात, दोन गटांची तुलना करताना ते फार उपयोगी पडतं. ब्रिटनमधल्या मोठ्या यूकेपीडीएस अभ्यासात मधुमेहाचं निदान होतं तेव्हाच बीटा पेशींचं काम निम्म्यावर आलेलं असतं आणि पुढे घटत जातं, हे चित्र याच मोजमापातून दिसलं. प्रतिरोध अचूक मोजायची पद्धत वेगळी आहे. १९७९ साली राल्फ डीफ्रॉन्झो यांनी ती बसवली: शिरेतून इन्सुलिन सोडत राहायचं आणि साखर एका पातळीवर ठेवायला किती ग्लुकोज लागतं ते तासन् तास मोजायचं. ती संशोधन केंद्रांत होते, दवाखान्यात नाही. होमा हा तिचा सोपा, गटांसाठीचा पर्याय. एका माणसाच्या एका सकाळच्या एका नळीवर त्याचा इतका भार टाकला, की तो डगमगतो.

किती डगमगतो ते तुमच्याच आकड्यांवर दाखवते. इन्सुलिन ९.२ तेच ठेवा. साखर १०४ ऐवजी ९८ आली असती तर होमा-बीटा झाला असता ९५ टक्के. ११० आली असती तर ७० टक्के. सहा मिलिग्रॅमचा फरक एकाच माणसात सोमवार आणि गुरुवारमध्ये सहज पडतो. रक्त घेतल्यावर नळी वेळेत लॅबमध्ये पोचली नाही तर तांबड्या पेशी नळीतली साखर खात राहतात. साखरेसाठी राखाडी झाकणाची वेगळी नळी असते ती त्यासाठीच, आणि तीसुद्धा पहिले काही तास ही गळती पूर्ण थांबवत नाही. इन्सुलिनचं तर आणखी नाजूक. ते स्वादुपिंडातून एकसारखं झिरपत नाही, दर काही मिनिटांनी लाटेसारखं सुटतं, म्हणून पाच-पाच मिनिटांनी तीन नमुने घेऊन सरासरी काढावी अशी शिफारस आहे. पॅकेजवाले एकच घेतात. नळीत तांबड्या पेशी फुटल्या तर इन्सुलिन नष्ट होऊन आकडा खोटा कमी येतो. शिवाय वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकाच रक्ताचं इन्सुलिन वेगवेगळं दाखवतात. एक लॅब होमा-आयआरची मर्यादा २ छापते, दुसरी २.५, त्याचं एक कारण हेच. लॅब बदलून आलेला फरक हा तुमच्या शरीरातला फरक समजू नका.

आता तुमच्या पत्रातली जी ओळ मी दोनदा वाचली, ती: 'साडेतीनला फक्त अर्धा कप चहा.' तो चहा साखरेचा असणार. आठला रक्त घेतलं, म्हणजे जेमतेम साडेचार तास झाले. उपाशीपोटी म्हणजे किमान आठ तास पाण्याशिवाय काही नाही, चहासुद्धा नाही. त्यात रात्रभर जागरण. शिकागोत १९९९ मध्ये ११ धडधाकट तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं होतं. तेवढ्यात त्यांच्या रक्तातली साखर उतरण्याचा वेग मंदावला. तुमची तर पाळीच रात्रीची. म्हणजे तुमचा रिपोर्ट मुळात उपाशीपोटीचा रिपोर्ट नाही. त्यावरून प्रतिरोध इतका आणि बीटा तितका, हे सांगणं कुणालाच शोभणार नाही.

तरी रिपोर्ट फेकून देऊ नका. एचबीए१सी ५.९ हा आकडा चहाने बदलत नाही. ती रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी आहे, आणि ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या अलीकडची पायरी. वडिलांना मधुमेह आहे. आणि तुमची कंबर ३७ इंच, म्हणजे ९४ सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषांसाठी मर्यादा ९० आहे. बायकांसाठी ८०. 'जाड मुळीच नाही' असं तुम्ही लिहिलंय, तिथे मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. उंची-वजनावरून तुमचा बीएमआय येतो २२.३. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आपल्या दोघांचा एक फोटो छापला होता. योगायोग बघा, दोघांचाही बीएमआय बरोबर २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. हडकुळ्या दिसणाऱ्या आपल्या माणसांत स्नायू कमी आणि पोटाच्या आत चरबी जास्त, हे पुण्याच्या या मंडळींनी नवजात बाळांपासून दाखवून दिलं आहे. पुण्यात तरुण वयात टाइप २ मधुमेह झालेल्यांचा गट तपासला तेव्हा निम्म्याहून जास्त जणांत मुख्य अडचण इन्सुलिन कमी पडण्याची निघाली. पाश्चात्त्य देशांत प्रतिरोधाचीच चर्चा जास्त, आपल्याकडे स्वादुपिंड थोड्या भारानेही लवकर दमतं. म्हणून तुमच्यासारख्या सडपातळ माणसाला 'तुला काय होतंय' असं म्हणून सोडून देणं मला पटत नाही.

तेव्हा करायचं काय. आठवडाभर दिवसपाळी किंवा सुट्टी आणि नीट झोप झाली, की सकाळी आठ ते दहा तास उपाशी राहून लॅबमध्ये स्वतः जा आणि जीटीटी करून घ्या. आधी रक्त, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून, मग दोन तासांनी पुन्हा रक्त. मधल्या दोन तासांत बसून राहायचं. चालायचं नाही, बिडी-सिगारेट नाही. आधीचे तीन दिवस नेहमीसारखं पोळी-भात खा, चाचणी आहे म्हणून भात सोडू नका. दोन तासांची साखर १४० च्या आत असेल तर छान, १४० ते १९९ म्हणजे मधुमेहपूर्व, २०० किंवा वर म्हणजे मधुमेह. बीटा पेशींची खरी परीक्षा ही आहे, कारण यात त्यांच्यावर अचानक काम टाकलं जातं. उपाशीपोटी त्या आरामातच असतात. ग्लुकोज पोटात गेल्यावर पहिल्या अर्ध्या तासात इन्सुलिन झपाट्याने सुटायला हवं, आणि बिघाड होतो तेव्हा हा पहिला झपाटाच आधी हरवतो, उपाशीपोटीची साखर त्या वेळी अजून बरी दिसत असते. डॉक्टरांना फार बारकाईने बघायचं असेल तर ते तीस मिनिटांची साखर आणि इन्सुलिनही मागवतील. तुम्ही होऊन मागू नका, गरज नाही.

दर महिन्याला होमा करायचं तर नाहीच. ९५, ७०, ८८ असे आकडे डोळ्यांपुढे नाचतील आणि दर वेळी कुणीतरी त्यातून कहाणी रचेल. प्रोग्रॅमवाल्यांना 'बीटा १०० वर' आणून देणं अवघडही नाही. साखर ९५ आली की त्याच इन्सुलिनवर आकडा १०३ होतो, स्वादुपिंडात काहीही न बदलता. पैसे भरू नका. तुमच्या हातात मोजायला टेप आहे. कंबर महिन्यातून एकदा मोजा, आणि साखर व एचबीए१सी वर्षातून एकदा, जीटीटी बिघडलेली निघाली तर सहा महिन्यांनी.

उपाय नवे नाहीत, पण त्यांना पुरावा आहे. चेन्नईत डॉ. रामचंद्रन यांच्या गटाने मधुमेहपूर्व अवस्थेतल्या भारतीयांवर केलेल्या अभ्यासात आहार-व्यायामाने मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला. हे निष्कर्ष २००६ मध्ये आले. तुमच्यासाठी वजन घटवण्यापेक्षा स्नायू वाढवणं महत्त्वाचं, कारण जेवणानंतरच्या साखरेचा मोठा वाटा स्नायूच उचलतात. आठवड्यातून दोन-तीनदा बैठका, जोर, वजन उचलणं. बाकी दिवस भरभर चालणं. आणि पाळीचं जेवण बदला. रात्री शरीर साखर नीट पेलत नाही, म्हणून तिसऱ्या पाळीला जाताना घरून आठ-साडेआठला पोटभर जेवून निघा. अकराचा डबा आणि कँटीनचा वडापाव सोडा. मध्यरात्री भूक लागली तर मूठभर फुटाणे, उकडलेलं अंडं किंवा ताक. साडेतीनचा चहा घ्या, पण बिनसाखरेचा. सकाळी घरी आल्यावर पोहे-उपमा खाऊन लगेच आडवं पडू नका, दहा-पंधरा मिनिटं चाला आणि मग खोलीत अंधार करून सलग झोपा. पाळ्या आलटून पालटून लागत असतील तर कारखान्याच्या डॉक्टरांना हा रिपोर्ट दाखवून बोला.

बहिणीबद्दल. तिचा होमा-आयआर ५.३३ कुठल्याही लॅबच्या मर्यादेने जास्तच आहे, त्यात घोळ नाही. पण तो न काढताही बरंच कळलं असतं. तिच्या मानेच्या मागे किंवा काखेत काळपट, मखमलीसारखी जाडसर कातडी आहे का बघा. ती घासून जात नाही, तो मळ नसतो. इन्सुलिन जास्त असल्याची ती खूण आहे. हेच जास्तीचं इन्सुलिन अंडाशयांना पुरुषी संप्रेरकं जास्त बनवायला लावतं आणि मासिक पाळी बिघडते. तिच्या बाबतीत वजन पाच-सात टक्क्यांनी उतरलं तरी पाळीत फरक पडू शकतो, तेव्हा ७८ वरून ७३ हे तिचं पहिलं लक्ष्य असू द्या. तिच्या ५.८ एचबीए१सीवर मात्र लगेच विश्वास ठेवू नका. हिमोग्लोबिन ९.४ आहे, आणि लोहाच्या कमतरतेत एचबीए१सी खरा असतो त्यापेक्षा जास्त दिसू शकतो. आधी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून लोहाची कमतरता भरून काढायची आणि मग पुन्हा बघायचं. तिचीही जीटीटी करावी, पीसीओएसमध्ये ती करतातच. केस गळतात म्हणून ती बायोटिनच्या गोळ्या घेत असेल, या वयात बऱ्याच मुली घेतात, तर रक्त देण्याआधी निदान दोन-तीन दिवस बंद ठेवा. काही यंत्रांवर बायोटिनमुळे इन्सुलिनचा आणि थायरॉइडचा रिपोर्ट चुकतो.

एक प्रसंग असा आहे की बीटा पेशींचं काम मोजणं तुमच्यासाठी खरोखर गरजेचं होईल, तो सांगून ठेवते. तहान आणि लघवी वाढली, न प्रयत्न करता वजन झपाट्याने उतरलं आणि साखर काही आठवड्यांत २०० च्या पुढे गेली, तर चालणं-फुटाणे करत थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. सडपातळ माणसात असं झालं तर तो टाइप १ सारखा, शरीराने स्वतःच बीटा पेशींवर केलेला हल्ला असू शकतो, चाळिशीतसुद्धा. तेव्हा सी-पेप्टाइड आणि जीएडी अँटिबॉडी (अशा हल्ल्याची रक्तातली खूण) तपासायला सांगा. इन्सुलिनच्या प्रत्येक रेणूबरोबर स्वादुपिंड सी-पेप्टाइडचा एक रेणू सोडतं. इन्सुलिनचा साधारण निम्मा भाग यकृत पहिल्या फेरीतच काढून घेतं, सी-पेप्टाइडला ते हात लावत नाही, आणि इंजेक्शनच्या इन्सुलिनमध्ये ते नसतंच. त्यामुळे तुम्हाला इंजेक्शन सुरू झालं तरी तुमचं स्वतःचं स्वादुपिंड किती करतंय ते त्यावरून कळतं. त्या रक्ताबरोबर त्याच वेळची साखरही तपासायला हवी आणि किडनीचा रिपोर्टही जवळ हवा, कारण सी-पेप्टाइड किडनीतून बाहेर पडतं आणि किडनी मंद असेल तर आकडा उगाच जास्त येतो. सध्या तुम्हाला यातलं काहीच लागत नाही. जीटीटी करा, दोन्ही आकडे आणि कंबरेचं माप मला कळवा.